अजून पाहताय का?

मघाशी तुम्ही आवाज कमी करायला रिमोट उचललात आणि मी तो तुमच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. राग मानू नका. आमच्याकडे रिमोटला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि मीही गरजेपुरताच लावतो. उज्वला चहा टाकतेय, तोवर सांगतो.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची वायर तुम्हाला आठवत असेल. ती आणि तिला जोडायची काडेपेटीएवढी डबी घ्यायला मी एका शनिवारी एम. जी. रोडला गेलो होतो. आजकालची यंत्रं जुन्या टीव्हीला थेट लागत नाहीत, मध्ये ती डबी लागते. दुकानदाराने कपाटाच्या तळातून ती काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, साहेब, एवढा खटाटोप कशाला, नवा टीव्ही घेऊन जा की. मी म्हटलं, नवा घ्यायचा नाहीये, जुनाच चालू ठेवायचाय, शब्द दिलाय. कुणाला दिलाय ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शब्द मी माझ्या सासऱ्यांना दिला होता, आणि तोही ते वारल्यावर.

निवृत्तीमामा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. उमेदीची सगळी वर्षं सेकंड शिफ्ट केली. लोक संध्याकाळी घरी बसून मालिका बघायचे तेव्हा हे लोखंडाचा कीस काढत उभे. रिटायर झाले आणि हुकलेल्या सगळ्या संध्याकाळी एकदम वसूल करायला बसले. हॉलमध्ये तो पोट सुटलेला जुना टीव्ही, समोर सोफा, सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात मामा. शेतीचे कार्यक्रम, कुस्त्या, कीर्तन, बातम्या, काहीही चालायचं. पडदा हलता असला की झालं.

माणूस कडक. म्हणजे हात उचलणारा किंवा आरडाओरडा करणारा नव्हे. ते नुसते बघायचे. टीव्ही चालू असला की नजर टीव्हीवर आणि घर सुखात. लाईट गेली की ती नजर हळूहळू खोलीत फिरायला लागायची, आणि जिच्यावर येऊन थांबायची ती बहुतेक वेळा माझी सासू असायची. मामींच्या हातातला कप बशीत वाजायला लागायचा. उज्वला सांगते, लहानपणी मामांच्या सुट्टीच्या दिवशी लाईट गेली की ती आणि तिचा भाऊ रविराज अंगणात पळायचे. मामींना पळता यायचं नाही.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात मामांनी मामींचं मनगट धरलं ते धरलंच. प्राण गेल्यावर सिस्टरने एकेक बोट उचलून ते सोडवलं. आम्ही म्हटलं, बघा, जीव होता हो बायकोवर. अशा वेळी माणसं असंच काहीतरी म्हणतात.

दशक्रियेला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे तसे सोकावलेले, पण त्या दिवशी सगळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसून राहिले. रविराजने हात जोडून सांगितलं, दादा, घर विकणार नाही. उज्वला म्हणाली, आईला अंतर देणार नाही. कुणीतरी नातवंडांचं नाव घेतलं. मामी पुढे आल्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलल्या, पण कावळे ढिम्म. मागचं कुटुंब खोळंबलेलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. जावई म्हणून मी कडेला उभा होतो. ऊन चढलेलं, पोटात कावळे ओरडत होते आणि हवे तिथे येत नव्हते. वैतागून मी म्हटलं, "मामा, तुमचा टीव्ही मी बंद पडू देणार नाही. माझा शब्द."

वाक्य पुरतं संपलं नाही तोच भिंतीवरचा एक कावळा सरळ खाली आला आणि भातात चोच घातली.

रडता रडता सगळे हसले. मीही कंपनीच्या कँटीनमध्ये हा किस्सा रंगवून सांगायचो. मामी तेवढ्या हसल्या नव्हत्या, हे मला फार नंतर आठवलं.

वर्षभर काही अडचण आली नाही. टीव्ही चालू असायचा, मामी एकट्या राहायच्या, गंगापूर रोडला आमच्याकडे या म्हटलं की नको म्हणायच्या. मग त्यांच्या गल्लीतल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला. सगळ्यांनी नेट घेतलं होतं, एका म्हातारीच्या डब्यासाठी तो कशाला वायर सांभाळेल? पंधरवडाभर टीव्ही बंद राहिला. फोनवर मामींचा आवाज रोज बारीक होत गेला. उज्वला म्हणाली, आई नीट जेवत नाहीये, काहीतरी करा. मी घरात नेट बसवून घेतलं, नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी, टीव्हीमागे लावायची काडी विकत घेतली, आणि त्या शनिवारी डबी खिशात घालून सातपूरला गेलो.

शनिवार म्हणजे सातपूरच्या कारखान्यांची सुट्टी. एरवी दुपारी तिथे बोलणं ऐकू येत नाही, पण त्या दिवशी यंत्रं बंद, रस्ता रिकामा, कुठेतरी पत्रा उन्हाने कडकड वाजत होता तेवढाच. मामींनी दार उघडलं आणि मला धक्काच बसला. दंडावरून ब्लाउज सैल लोंबत होता. उजव्या मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काय नाय, गार पडतो हात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सतरंजी आणि उशी होती. हॉल सोडून त्या तिथे झोपत होत्या.

हॉलमध्ये वास होता. लेथवर कापताना धारेवर जे दुधाळ तेलपाणी सोडतात त्याचा वास. तो ओळखायला मी चुकणार नाही. तयार झालेला माल तपासणं हेच माझं काम, रोज आठ तास त्याच वासात असतो. आधी वाटलं माझ्याच शर्टाला येतोय. पण शर्ट धुतलेला होता, आणि खिडक्या सताड उघड्या होत्या.

मी टीव्ही पुढे ओढला. मागे दोनच भोकं, पिवळं आणि पांढरं. लाल वायर लोंबकळत ठेवली. काडी डबीत, डबीच्या पिना टीव्हीत, चार्जर बोर्डात. टीव्ही सुरू केला तर चित्र काळंपांढरं आणि खालून वर गरगर फिरणारं. डबीच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो नखाने सरकवला आणि चित्र थांबलं, रंग भरले. जमलं बुवा, म्हणून मला फार बरं वाटलं.

आता चित्र कसं दिसतंय हे नीट पाहायचं होतं. नवं चित्र रुंद असतं, जुना पडदा चौकोनी, त्यामुळे माणसं उंच आणि चिपाड दिसतात, शिवाय कडा कापल्या जातात. मी माझ्या फोनचा पडदा टीव्हीवर घेतला आणि फोनचा कॅमेरा उघडला. मामींना म्हटलं, जरा सोफ्यावर येऊन बसा, तुम्हाला टीव्हीवर दाखवतो. त्या यायला तयार नव्हत्या. मी थट्टा केली, सिनेमात काम मिळतंय आणि नाही कसलं म्हणता? तेव्हा आल्या आणि डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या.

मी टीव्हीशेजारी उभा राहून फोन सोफ्याकडे धरला. फोनवर सोफा, मामी, मागे भिंतीवरचं कॅलेंडर. मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. तिथेही सोफा, लांबट झालेल्या मामी, कॅलेंडर. आणि कापल्या गेलेल्या कडेला एक गुडघा.

पायजम्यातला गुडघा. बसलेल्या माणसाचा.

जुन्या टीव्हीवर पूर्वी सावल्या यायच्या, एका माणसाची दोन माणसं दिसायची. मनाशी म्हटलं, तसलंच काहीतरी असेल. फोनमध्ये पाहिलं. मामींच्या शेजारची जागा रिकामी. समोर डोळ्यांनी पाहिलं. रिकामी. मी फोन सावकाश त्या बाजूला वळवला. वायफायवरून चित्र टीव्हीपर्यंत जरा उशिरा पोचतं. फोनमधला सोफा आधी सरकला, मग टीव्हीतला सरकायला लागला, आणि त्या गुडघ्यामागून पूर्ण माणूस पडद्यावर आला.

बंडी घातलेले निवृत्तीमामा. ओढल्यासारखे उंच झालेले. ते टीव्हीकडे बघत नव्हते. मान पूर्ण वळवून मामींकडे बघत होते. आणि त्यांचा हात लांब होऊन मामींच्या चिंधी बांधलेल्या मनगटावर होता.

मामी हलल्या नाहीत. उजवा हात सोफ्यावर तसाच पडलेला. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दिसले का?" त्या हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मग आधी कायतरी लावा, जावईबापू... काय पण लावा."

कॅमेरा बंद केला, हाताला लागली ती कुस्ती लावली. हलगीचा आवाज खोलीत भरला. मामींनी हात झटकन पोटाशी घेतला आणि चिंधी सोडून चोळायला लागल्या. मनगटाभोवती निळसर पट्टा उमटला होता. मी हात लावून पाहिला. रांजणाच्या तळाला लागावं तसं गार लागलं. बाकीचा हात मात्र ऊबदार होता.

त्या हलगीच्या आवाजाखाली त्यांनी मला जे सांगितलं, ते तेराव्यापासून घरात चालू होतं आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून कोण ऐकणार होतं? आधी त्यांना वाटलं होतं आपल्यालाच भास होतोय. मग सवय झाली. टीव्ही लावायचा, आपली कामं करायची, त्या कोपऱ्यात बसायचं नाही. नेम पाळला तर त्रास नव्हता.

"टीव्ही चालू असला का ते टीव्हीकडं बघतात," मामी म्हणाल्या. "बंद पडला का माझ्याकडं. आधी नुसते बघायचे. या पंधरवड्यात हात धराया लागले. रोज थोडं ओढतात."

रामकुंडावर तुम्ही काय म्हणाला होतात, मी विचारलं. त्या पडद्यावरच्या मल्लांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हटलं होतं, मला इथंच राहू द्या. त्याला नाय शिवला कावळा."

मला त्या बाईची इतकी दया आली, आणि स्वतःच्या त्या रंगवून सांगितलेल्या किश्शाची इतकी लाज वाटली, की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली. म्हटलं, मामी, आत्ताच्या आत्ता आमच्याकडे चला. त्या म्हणाल्या, आणि टीव्ही? मी म्हटलं, टीव्ही इथेच चालू राहील. कुस्त्यांची न संपणारी रांग लावतो, नेट आहे, लाईट गेली तर मागच्या वर्षी बसवलेला इन्व्हर्टर आहे. शब्द टीव्हीचा आहे, तुमचा नाही.

तसंच केलं. मामींनी दोन लुगडी पिशवीत घातली. निघताना काडीचा छोटा रिमोट त्यांनी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला, पदर सावरला आणि मागे न बघता बाहेर पडल्या. मी कुलूप लावलं. आतून हलगी ऐकू येत होती.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. केबलचा डबा कधी कुणाला काही विचारत नव्हता. वीज असेपर्यंत तो आपला चालायचा. ही नवी यंत्रं मात्र शहाणी. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की चित्र थांबवतात आणि विचारतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इथेच, याच खुर्चीत बसलो होतो. सातपूरच्या टीव्हीवर काय चाललंय ते माझ्या फोनमध्ये दिसायचं, कारण खातं माझं होतं. फोन थरथरला. पडद्यावर प्रश्न होता: अजून पाहताय का? खाली हो आणि नाही. कुलूपबंद घरात चित्र थांबलं होतं. मी घाईने हो दाबायला अंगठा नेला.

अंगठा पोचायच्या आत प्रश्न गेला. पुढची कुस्ती सुरू झाली.

तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला तेव्हा सुटल्यासारखं झालं. म्हटलं, मामा रमले. पुढे तर रांगेत मी न लावलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. बैलांच्या शर्यती, कांद्याची रोपं कशी लावावीत, कुणा बुवांचं जुनं कीर्तन. रोज प्रश्न यायचा, रोज त्याला उत्तर मिळायचं. मी उज्वलाला काही बोललो नाही. तिला एवढंच दिसत होतं की आई जेवायला लागली, सकाळी तिच्याबरोबर फिरायला जायला लागली, शेजारच्या बायकांत बसून खळखळून हसायला लागली. मामींना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मनगटाची चिंधी सुटली. निळा पट्टा पुसट होत होता.

मग एका संध्याकाळी मी कामावरून आलो. हा टीव्ही बंद होता. उज्वला इथे भाजी निवडत बसली होती, आत मामी भाकरी थापत होत्या. बूट काढताना मला तो तेलपाण्याचा वास आला. साहजिकच होतं, मी कारखान्यातूनच आलो होतो. सवयीने फोन उघडला.

पडद्यावर प्रश्न होता. अजून पाहताय का?

मी वाट पाहिली. हात धुतले, पुन्हा पाहिलं. प्रश्न तसाच होता. सकाळी मी कामावर गेलो त्यानंतर तिथे काहीच वाजलं नव्हतं. दिवसभर कुणीही हो म्हटलं नव्हतं.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. तव्यावरची भाकरी करपत होती. मामी ओट्यापाशी ताठ उभ्या होत्या. उजवा हात अंगापासून दूर, कुणीतरी धरून नेत असल्यासारखा हवेत. पिठाने पांढरं झालेलं मनगट, आणि त्या पिठात चार बोटांएवढी जागा स्वच्छ पुसलेली. त्यांचं एक पाऊल दाराकडे पडलेलं होतं, दुसरं त्यांनी नेटाने ओट्याला रोवून धरलं होतं.

"उज्वला," मी म्हटलं, "टीव्ही लाव."

"काय लावू?"

"काहीही लाव..."

मागे बातम्यांचा आवाज सुरू झाला. मामींचा हात खाली आला नाही. पुसलेली जागा तशीच होती. दुसरं पाऊल ओट्यापासून सुटलं, फरशीवर घासत पुढे आलं. मामी माझ्याकडे बघत होत्या. टीव्ही सुरू असूनही कुणी तिकडे बघत नव्हतं.

रामकुंडावर कावळ्याशी बोलतात तसे मी हात जोडले. दुसरं काही सुचलं नाही.

"मामा, शब्द त्यांनी नव्हता दिला," मी म्हटलं. "मी दिला होता. धरायचं तर मला धरा. त्यांना इथंच राहू द्या."

तव्यावरून धूर निघत होता. मग मामींचा हात सुटला, ओट्यावर आपटला आणि पिठाची परात खाली गेली. उज्वला धावत आत आली. मामी खाली बसून हुंदके देत होत्या. मी गॅस बंद केला. माझा हात तेव्हा अगदी नीट होता, मी मुद्दाम पाहिलं होतं.

त्याला आता बरेच महिने झाले. सातपूरचा टीव्ही, ती डबी, तो छोटा रिमोट, सगळं मी कपाटात बांधून ठेवलंय. हा टीव्ही मात्र कधी बंद होत नाही. मामी छान आहेत. आत्ता देवळात गेल्यात, येतीलच, त्यांच्यासमोर हा विषय नको. दिवसातून एकदोनदा पडदा विचारतो, अजून पाहताय का. हो म्हणायला मी रिमोट शोधतो. बहुतेक वेळा माझ्या आधी कुणीतरी हो म्हटलेलं असतं.

कधीकधी नसतं. त्या दिवशी मी लवकर घरी येतो आणि या खुर्चीत बसून राहतो.

घ्या, चहा आला. तुमचं लक्ष मघापासून माझ्या हाताकडे आहे, ते मी पाहिलंय. हो, डावखुरा नाही मी. घड्याळ हल्लीच उजव्या हातात बांधायला लागलो. डाव्या मनगटावर पट्टा फार गार पडतो.